जुळ्यांचं बेणं: सुंदरबन, सिडनी, फलटण

दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. शंभर मेंढ्या व्यायल्या तर जुळी एखाद-दुसरीलाच. पिढ्यान् पिढ्या धनगरांच्या अनुभवात हेच होतं आणि त्यात त्यांना काही उणं वाटायचं कारणही नव्हतं. दिवाळी झाली की वाडा हलवायचा, मुक्काम करत घाटाकडे चालायचं, वाटेत जन्मलेलं कोकरू घोड्याच्या पाठीवर घालून पुढच्या तळावर न्यायचं. अशा संसारात एका आईमागे एक पिल्लू हेच झेपायचं.

मग मेंढीचा पैसा येण्याची वाट बदलली. पूर्वी लोकर होती, सणगर ती घेऊन घोंगड्या विणायचे. शेतात मेंढरं बसवली की लेंडीखताच्या बदल्यात धान्य मिळायचं. गिरणीच्या ब्लँकेटने घोंगडीला मागे टाकलं, कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटेना, आणि मेंढपाळाच्या हाती खरा पैसा येऊ लागला तो कोकरं विकून. चराऊ रानं आटत चाललेली, म्हणजे कळप मोठा करायलाही वाव नाही. आहेत त्याच मेंढ्यांतून जास्त कोकरं हवी असतील तर जुळी व्हायला हवीत.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली ती या गरजेपोटी. तिच्या अंगात जुळ्यांचं जे बेणं आहे, त्याची गोष्ट मात्र दोन शतकांहून जुनी आहे आणि ती बंगालच्या खाडीकाठी सुरू होते. मेंढ्यांच्या जातींबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, म्हणून ती नीट सांगायला हवी.

माणसाने मेंढी माणसाळवली त्याला दहा-अकरा हजार वर्षं झाली. पश्चिम आशियातल्या डोंगरांत राहणारी मूफ्लॉन ही रानमेंढी आजच्या सगळ्या मेंढ्यांची पूर्वज. तिच्यापासून आज जगात हजाराहून अधिक जाती झाल्या आहेत. सिरिया, इस्राएल, जॉर्डनकडची अवासी शेपटीत चरबी साठवते, चारा आटला की त्या साठ्यावर तगते आणि दूधही भरपूर देते. हॉलंडच्या टेक्सेलचे पुठ्ठे मांसाने भरलेले; तो गुण स्नायूंची वाढ रोखणाऱ्या जनुकातल्या बारीक बदलामुळे येतो, हे २००६ साली उलगडलं. फिनलंडची फिनशीप आणि रशियाची रोमानोव्ह एका वेताला दोन, तीन, कधी चारही पिल्लं देतात. पण जगाच्या व्यापारात राज्य केलं ते स्पेनच्या मेरिनोने, आणि आपल्या गोष्टीत तिचं काम मोठं आहे.

मेरिनोची लोकर वीस मायक्रॉनच्या आसपास, माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. १२७३ साली कॅस्टिलच्या दहाव्या अल्फोन्सोने मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघाला सनद दिली आणि ऋतूप्रमाणे उत्तर-दक्षिण चालणाऱ्या कळपांसाठी राखीव वाटा सुरक्षित केल्या. आपल्याकडच्या भटक्या मेंढपाळांना अशी वाट कुणी राखून दिली असती तर, असं हे वाचताना दर वेळी मनात येतं. पुढे शतकानुशतकं स्पेनने मेरिनो देशाबाहेर जाऊ दिली नाही. अठराव्या शतकात तो बांध फुटला. १७६५ मध्ये सॅक्सनीला आणि १७८६ मध्ये फ्रान्समधल्या राम्बुयेला राजांच्या मर्जीने कळप गेले. आपल्याकडे ‘रॅम्बुले’ म्हणून ओळखली जाते ती मेंढी याच राम्बुयेची.

ऑस्ट्रेलियात मेरिनो पोचली १७९७ मध्ये, केप ऑफ गुड होपवरून. पण त्याआधी तिथे दुसरीच मेंढी उतरलेली होती. १७८८ मध्ये सिडनीला इंग्रजांची वसाहत बसली तेव्हा सोबत आणलेली थोडी मेंढरं फारशी टिकली नाहीत आणि वसाहतीला मांसाची टंचाई होती. इंग्रजांच्या हातातला जवळचा मोठा बाजार कंपनी सरकारच्या कलकत्त्याचा. १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या जहाजांतून बंगालच्या मेंढ्या सिडनीत उतरल्या. बुटक्या, अंगावर लोकरीऐवजी राठ केस असलेल्या. मांसापुरत्या आणलेल्या या मेंढ्यांकडे कुणी फार लक्ष देऊन पाहिलं नाही.

पाहिलं ते जॉन मॅकार्थर या सैनिकी अधिकाऱ्याने. पुढे ऑस्ट्रेलियाच्या लोकरधंद्याचा जनक म्हणून त्याचं नाव झालं. त्याने स्वतः दिलेल्या साक्षीत नोंद आहे की १७९४ मध्ये त्याने कलकत्त्याहून आलेल्या साठ बंगाली मेंढ्या आणि कोकरं विकत घेतली, त्यांच्यावर आयर्लंडहून आलेला नर सोडला, आणि केसाळ आयांच्या कोकरांच्या अंगावर केस आणि लोकर मिसळून आलेली पाहिली. या देशात बारीक लोकर पिकवता येईल ही कल्पना त्याला तिथून सुचली. म्हणजे ज्या धंद्यावर ऑस्ट्रेलिया उभी राहिली, त्याचा पहिला प्रयोग बंगालच्या मेंढीवर झाला होता.

नंतर मेरिनोचे नर वापरत गेले तशी बंगाली मेंढी डोळ्यांना दिसेनाशी झाली. केस गेले, बुटकेपणा गेला, रंग पांढरा झाला. अंगाच्या आत एक गोष्ट मात्र कुठे कुठे उरली.

ती काय होती हे कळायला सुंदरबनातली गारोल मेंढी पाहायला हवी. मोठी मेंढी दहा ते चौदा किलोची, म्हणजे आपल्या दख्खनीच्या निम्मीसुद्धा भरत नाही. ती पाणथळ शेतांत, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. चिखलात राहूनही तिचे खूर सहसा सडत नाहीत. दुसऱ्या बहुतेक मेंढ्या तिथे लंगडायला लागतील. तिला पाळणारी माणसं गरीब, एकेका घरी दोन-चार मेंढ्या. आणि ती जुळी देते, तिळीही देते.

दीडशे वर्षांनंतर न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळच्या ‘बूरूला’ नावाच्या शेतावर सीअर्स बंधू मेरिनो पाळत होते. त्यांच्याकडे काही मेंढ्या एकदम तीन-चार पिल्लं द्यायच्या. लोकरीवर जगणाऱ्या पशुपालकाला असल्या मेंढ्या नकोशा असतात: पिल्लं अशक्त निघतात आणि आईची लोकरही कमी भरते. बहुतेकांनी त्या विकून टाकल्या असत्या. या भावांनी उलट केलं. जास्त पिल्लांतून जन्मलेलेच नर-माद्या राखत गेले. १९५८ मध्ये त्यांनी पाचांच्या वेतात जन्मलेला एक नर सरकारी संशोधन संस्था सीएसआयआरओला देऊन टाकला. तिथे हेलन न्यूटन टर्नर ही संख्याशास्त्रातून पशुपैदाशीकडे वळलेली संशोधक होती. तिने या कळपाचं महत्त्व ओळखलं आणि संस्थेत बूरूला मेंढ्यांचा स्वतंत्र कळप उभा राहिला.

पिल्लांची संख्या अनेक जनुकांच्या थेंब थेंब परिणामाने ठरते, असं तेव्हा समजलं जायचं. १९८०च्या सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या आर्मिडेलच्या पायपर आणि बिंडन या संशोधकांनी बूरूलाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांत पायऱ्या दिसल्या. काही मेंढ्या साध्या, काही मधल्या, काही फार पुढच्या. असा नमुना एकाच मोठ्या जनुकाचा असतो. त्याला फेकबी हे नाव पडलं. मेरिनोत या जनुकाची एक प्रत असली तर माजाच्या वेळी सरासरी दीड बीज जास्त सुटतं आणि एक कोकरू जास्त होतं. दोन प्रती असल्या तर बीजं तीनने वाढतात, कोकरं सुमारे दीडने.

टर्नरने जुन्या वसाहतीच्या नोंदी चाळून हा गुण बंगाली मेंढ्यांतून आला असावा असं मांडलं. पुरावा मिळायला २००१ उजाडलं. त्या एका वर्षात तीन वेगवेगळ्या संशोधकगटांनी हे जनुक शोधून काढलं. सहाव्या गुणसूत्रावरचं हे जनुक पेशीबाहेरचा संदेश झेलणारं एक प्रथिन घडवतं; त्या प्रथिनात २४९व्या जागी ग्लुटामिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन, एवढाच बदल. त्यामुळे बीजाशयातला एक संदेश क्षीण होतो, बीजकोश लहान असतानाच पिकतात आणि एकाऐवजी दोन-तीन एकदम तयार होतात. पुढच्याच वर्षी आठ देशांतल्या मेंढ्या तपासल्या गेल्या. हुबेहूब तोच बदल गारोलमध्ये सापडला. जावा बेटावरच्या बारीक शेपटीच्या मेंढीत आणि नंतर चीनमधल्या हू आणि लहान शेपटीच्या हान मेंढ्यांतही सापडला. फिनशीप आणि रोमानोव्हमध्ये तो नाही. त्यांच्या जुळ्यांचं कारण वेगळं.

फलटणला हे काम त्याआधीच सुरू झालं होतं. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये संस्था काढली ती कापूस, करडई यांसारख्या पिकांसाठी. शेळ्या-मेंढ्यांचा विभाग १९९० चा. दख्खनी सुधारण्याचे प्रयत्न तोवर बहुतेक लोकरीच्या अंगाने झाले होते. मेरिनो, रॅम्बुलेचे नर आणून संकर केले गेले. पण त्या संकरित मेंढ्यांना इथलं ऊन आणि वर्षातले आठ महिने चालणं सोसत नव्हतं. दख्खनीला ते सोसतं. ती काळी, काटक, वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो राठ लोकर देणारी मेंढी आहे, आणि तिचं मोल तगून राहण्यात आहे. निंबकरांनी निवडलेली वाट म्हणूनच पटते: दख्खनीला दख्खनी राहू द्यायचं आणि तिच्यात एकच गुण घालायचा.

हे बोलायला सोपं. गारोलचा नर दख्खनीवर सोडला की पिल्लं खुजी होतात. बाजारात वजनावर पैसा मिळतो, तेव्हा जुळी झाली तरी मेंढपाळाच्या हाती काही लागणार नाही. त्यामुळे संकरातल्या माद्या पुन्हा दख्खनी नरांकडे न्यायच्या, त्यांच्या मुली पुन्हा दख्खनीकडे, आणि दर पिढीत फक्त जनुक असलेलीच जनावरं राखायची. गारोलचा अंश घटत जावा, जनुक मात्र सुटू नये. मांसाळ अंगासाठी कर्नाटकातल्या बन्नूर मेंढीचाही वापर झाला. सुरुवातीला जनुक कोणात आहे हे ओळखायला मेंढीच्या पोटात दुर्बीण घालून सुटलेली बीजं मोजावी लागत. नराचं तर त्याच्या मुली व्यायल्याशिवाय कळायचंच नाही. २००१ नंतर रक्ताच्या थेंबावरून डीएनए चाचणी करता येऊ लागली आणि वर्षांचं काम दिवसांवर आलं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातलं न्यू इंग्लंड विद्यापीठ या कामात भागीदार होते. विभागाची धुरा वाहणाऱ्या डॉ. चंदा निंबकर यांची पीएचडीही त्याच विद्यापीठाची. गारोल बंगालमधून थेट फलटणला आली, पण तिच्या अंगात काय शोधायचं ते ऑस्ट्रेलियातल्या कामाने दाखवून दिलं होतं.

संस्थेच्या गोठ्यात जमलेलं रानात जमतंच असं नाही, म्हणून जनुक असलेल्या माद्या परिसरातल्या धनगरांच्या कळपांत देऊन वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या गेल्या. मला या सगळ्या कामातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दख्खनीत जनुकाचा परिणाम मेरिनोपेक्षा सौम्य निघाला. एक प्रत असलेल्या मेंढीमागे सरासरी अर्ध्याच्या आसपास कोकरू वाढलं, म्हणजे दोन वेतांत एक जास्त. जुळी बरीच, तिळी क्वचित. आईला सड दोनच आणि दिवसभर चालायचं, तेव्हा तिसरं पिल्लू हा बहुधा तोटाच असतो. हा सौम्यपणा म्हणूनच इथे पथ्यावर पडला. तरी जुळ्यांची मेंढी जास्त खाणं मागते. व्यायच्या आधी आणि नंतर थोडं धान्य, थोडा ओला चारा मिळाला नाही तर पान्हा पुरत नाही आणि दोन्ही कोकरं मुडदुशी निघतात. कोकरांना वेगळं ठेवणं, अशक्ताला दुसऱ्या मेंढीला लावणं, शेळीचं दूध पाजणं ही कामं वाड्यावर बहुतेक बायकाच करतात. त्यांचा हात असेल त्या घरी हे बेणं फळतं.

जातींच्या बाजारात अशा न दिसणाऱ्या गुणाला भाव कमीच. जत तालुक्यातल्या माडग्याळी मेंढीचं पोपटासारखं बाकदार नाक पाहून तिच्या एडक्यांची किंमत लाखांत गेल्याच्या बातम्या येतात. नाक लांबून दिसतं. सहाव्या गुणसूत्रावरचा बदल दिसत नाही.

राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेने हाच गारोलचा गुण माळपुरा आणि पाटणवाडी मेंढ्यांत घालून ‘अविशान’ ही मेंढी तयार केली. ओडिशातल्या केंद्रापाडा मेंढीत तर हे जनुक आधीपासूनच असल्याचं आढळलं. खुद्द सुंदरबनात मात्र शुद्ध गारोल कमी होत चालली आहे. चरायच्या जागा घटताहेत, आणि जास्त मांसाच्या आशेने बाहेरचे थोराड नर तिच्यावर सोडले जातात.

इकडे फलटणकडून नर नेणाऱ्या मेंढपाळाने एक हिशेब लक्षात ठेवायचा असतो. दोन प्रती असलेला नर घेतला तर त्याच्या प्रत्येक मुलीत एक प्रत उतरतेच. या मुलींवर पुन्हा साधा दख्खनी नर सोडला की त्यांच्या निम्म्याच मुलींत ते जनुक येतं, पुढच्या पिढीत पावपट, आणि थोड्या वर्षांत कळप होता तिथेच येतो. दोन्हीकडून जनुक आलं तर काही माद्यांत दोन प्रती होतात आणि तिळ्यांचा घोर लागतो. म्हणून कोकरांच्या कानाला बिल्ला मारायचा, रक्त तपासून घ्यायचं, नर वेळच्या वेळी बदलायचा, आणि कुठली पाट, म्हणजे तरणी मादी, कुणाची हे वहीत लिहून ठेवायचं.