कांटच्या गावात मोजलेलं मन

मुंबईची वेळ एकेकाळी ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे असायची. ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा बांधली, ती बरीचशी अशा वेळेच्या हिशोबासाठीच. बंदरात आलेल्या जहाजांना आपली घड्याळं लावून घ्यायची असत. बाळशास्त्री जांभेकर आणि केरूनाना छत्रे, दोघांनीही पुढे या वेधशाळेत काम केलं. मानसशास्त्राचा उगम शोधायला वेधशाळेच्या दारात का उभं राहायचं, असं वाटेल. पण तो उगम खरोखरच अशा एका वेधशाळेत सापडतो, फक्त कुलाब्याच्या नव्हे.

त्या काळी वेळ ठरायची ताऱ्यांवरून. दुर्बिणीत बारीक उभे धागे ताणलेले असत. निरीक्षकाने डोळा दुर्बिणीला लावायचा, कान घड्याळाच्या ठोक्यांकडे ठेवायचा, आणि तारा कुठल्या दोन ठोक्यांच्या मध्ये धागा ओलांडून गेला ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अंदाजाने लिहायचं. ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७९६ च्या सुरुवातीला डेव्हिड किनेब्रूक या आपल्या मदतनिसाला कामावरून काढलं. गुन्हा एवढाच, की तो साहेबांपेक्षा ०.८ सेकंद उशिरा तारा टिपायचा. आधी हा फरक अर्ध्या सेकंदाचा होता. चूक लक्षात आणून दिल्यावर उलट वाढला. साहेबांचं टिपण बरोबर कशावरून, हे विचारायची सोय नव्हती.

तो प्रश्न वीसेक वर्षांनी फ्रीडरिश बेसेलने विचारला. हा कोनिग्सबर्गच्या वेधशाळेचा प्रमुख. किनेब्रूकची हकीकत वाचून त्याने स्वतःची निरीक्षणं इतर नावाजलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या निरीक्षणांशी ताडून पाहिली, तर फरक तिथेही निघाला, आणि तोही चक्क एक सेकंदाच्या घरात. म्हणजे किनेब्रूक कामचुकार नव्हता. ज्याचा त्याचा उशीर वेगळा होता. बेसेल मानसशास्त्राच्या वाटेला गेला नाही, त्याला फक्त आपली गणितं दुरुस्त करायची होती. पण पाहणारा आणि पाहिलेली वस्तू यांच्यामध्ये काहीतरी वेळ खातं, हे एव्हाना आकड्यांत उतरलं होतं.

कोनिग्सबर्ग हे तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचं गाव. आज ते कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे. कांटने १७८६ मध्ये लिहून ठेवलं होतं की मनाचा अभ्यास हे खऱ्या अर्थाने विज्ञान होऊ शकत नाही. कारण त्याला गणित लावता येत नाही. बाहेरच्या वस्तूंना लांबी, रुंदी, उंची असते. मनात जे चालतं त्याला एकच मिती, काळाची. आक्षेप वजनदार होता. त्याला उत्तर मिळालं ते त्याच एका मितीतून, आणि त्याच गावातून. ही इतिहासाची खोडी मला फार आवडते.

हर्मान हेल्महोल्ट्झ १८४९ मध्ये कोनिग्सबर्गला शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे कदाचित कधीच मोजता येणार नाही, असं त्याचे गुरू योहानेस म्युलर यांचं मत होतं. हेल्महोल्ट्झने बेडकाचा पाय घेतला. मज्जातंतूला स्नायूजवळ विजेचा झटका दिला, आणि स्नायू आखडायला लागलेला वेळ मोजला. मग तोच झटका स्नायूपासून दूर, तंतूच्या दुसऱ्या टोकाशी दिला. स्नायूला आखडायला लागणारा वेळ दोन्ही खेपांना सारखाच; त्यामुळे मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा केला, की उरतो तो निव्वळ तंतूतल्या प्रवासाचा वेळ. वेग निघाला सेकंदाला साधारण २७ मीटर. विजेच्या तर सोडाच, आवाजाच्या वेगापुढेही तो काहीच नाही. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या त्याच्या वडिलांना हे चमत्कारिक वाटलं. मनात विचार येणं आणि शरीराने तो करणं ही त्यांच्या लेखी एकच जिवंत क्रिया होती, त्यात मागेपुढे काही नव्हतं.

हाच वजाबाकीचा डाव हॉलंडच्या फ्रान्सिस्कुस डोंडर्सने थेट मनावर लावला. त्याचा लेख १८६८ चा. पायाला सौम्य झटका बसला, की त्याच बाजूचा हात हलवायचा. कुठल्या पायाला बसणार हे आधी सांगितलं तर एक वेळ येते, न सांगितल्यास थोडी जास्त. दोन्हींतला फरक सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढा. डोंडर्सच्या मते, डावा की उजवा हे ठरवायला मनाला लागणारा वेळ तो हा.

घरी करून पाहायचं असेल तर ३० सेंटिमीटरची पट्टी पुरते. एकाने ती वरून उभी धरायची, दुसऱ्याने खाली शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. न सांगता पट्टी सोडायची. ती २० सेंटिमीटरवर पकडली गेली, तर ०.२ सेकंद गेले. मग दोन हातांसाठी दोन पट्ट्या घ्या आणि कुठली सुटणार ते सांगू नका. बहुतेकांची पकड आणखी वर जाते. ताशी ६० किलोमीटरने लोकल चालवणाऱ्या मोटरमनच्या हिशोबात ०.२ सेकंद म्हणजे गाडी तीन मीटरांहून जास्त पुढे गेलेली असते, आणि त्याला तर लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा यांतून निवड करायची असते.

विल्हेल्म वुंट एकेकाळी हेल्महोल्ट्झचा सहायक होता. त्याने १८६१ च्या सुमारास एका लंबकाच्या घड्याळाला घंटा जोडली. लंबक ठरलेल्या जागी आला की ठोका पडायचा. पण ऐकणाऱ्याला ठोक्याच्या क्षणी लंबक भलतीकडेच दिसायचा. आवाज आणि दृश्य दोन्हींकडे एकाच क्षणी लक्ष देता येत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला.

इथे न्यायदर्शनाची, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाची, आठवण झाल्याशिवाय राहत नाही. एकाच वेळी अनेक ज्ञानं उत्पन्न होत नाहीत, हीच मनाच्या अस्तित्वाची खूण, असं न्यायसूत्रांत म्हटलं आहे. त्यावरचा आक्षेप आणि उत्तर दोन्ही मजेशीर आहेत. कुरकुरीत तळलेली शष्कुली खाताना तिचा आवाज, वास, चव, स्पर्श सगळं एकदम जाणवतं, त्याचं काय? उत्तर असं, की कमळाच्या शंभर पानांच्या चळतीतून सुई आरपार जाते तेव्हाही सगळी पानं एकदमच भोसकल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात ती एकामागून एक भोसकली जातात. प्रश्न वुंटचाच आहे. म्हणून 'आपल्याकडे हे आधीपासून होतं' अशी कॉलर ताठ करण्यात मात्र अर्थ नाही. नैयायिकांनी युक्तिवाद केला, सुईचा वेळ कोणी मोजला नाही. मोजायला सेकंदाचे बारीक तुकडे दाखवणारं यंत्र लागतं, आणि ते कोणाकडेच नव्हतं.

वुंटच्या प्रयोगशाळेत ते होतं. सेकंदाचा हजारावा भाग दाखवणाऱ्या हिप क्रोनोस्कोपवर लाइपझिगला १८७९ पासून विद्यार्थी एकमेकांचे प्रतिसाद मोजत बसले, आणि पाठ्यपुस्तकांना मानसशास्त्राची जन्मतारीख मिळाली. वुंटचा शिष्य म्यून्स्टरबर्ग हार्वर्डला गेला, त्याच्याकडे शिकलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी कलकत्ता विद्यापीठातला मानसशास्त्राचा विभाग १९१६ मध्ये उभा केला. मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग आला १९५९ मध्ये.

डोंडर्सच्या वजाबाकीत एक भोक आहे, आणि ते एकोणिसाव्या शतकातच दाखवलं गेलं. निवड करायची म्हटल्यावर बाकीचं सगळं काम जसंच्या तसं राहून त्यात फक्त 'निवड' एवढीच भर पडते, हे कशावरून? कदाचित माणूस सगळं काम नव्याच तऱ्हेने करत असेल. बेडकाच्या पायाला हा प्रश्न पडत नाही, मनाला पडतो. मेंदूच्या आजच्या स्कॅनमध्ये एका कामाच्या चित्रातून दुसऱ्याचं चित्र वजा करतात, तिथेही हाच आक्षेप घेतला जातो. स्वतः वुंटची तर खात्री होती की भाषा, पुराणकथा, रूढी यांसारख्या गोष्टी प्रयोगशाळेत मावत नाहीत. त्यांच्यावर त्याने वेगळे दहा खंड लिहिले.

रेल्वे भरती करताना या वादात पडत नाही. असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिनचालकाचा मदतनीस, व्हायचं तर लेखी परीक्षेनंतर, उमेदवार जिला नुसतंच 'सायको' म्हणतात, ती संगणकावरची चाचणी द्यावी लागते. स्मरण, सूचना पाळणं, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि आकलनाचा वेग, अशा पाच भागांची. प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागतं. एकातले जास्तीचे गुण दुसऱ्यात भरून घेता येत नाहीत.