उताराचं तोंड कुठल्या दिशेला?

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मामांना घेऊन कवठेमहांकाळकडच्या एका टेकडीवर गेलो होतो. तिथं उतारावर चार एकर बाग आहे आणि बागेच्या खालच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये छोटीशी वाइनरी. मामांचा जन्म तासगावच्या द्राक्षात गेलेला. आधी थॉम्पसन, मग तास-ए-गणेश, आता सोनाका. त्यांनी वेलीवरचा एक काळा घड तळहातावर तोलला आणि म्हणाले, "आरं, ह्यो मणी हाय का करवंद? ह्याला जीए दिला न्हाई व्हय?"

जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. आपला बागायतदार त्यात घड बुडवतो, विरळणी करतो, मणी फुगवतो, कारण बाजारात मोठ्या मण्याला भाव. इथं हिशेब उलटा आहे. रेड वाइनचा रंग, तुरटपणा आणि वासाचा मोठा भाग सालीत असतो, गर जवळजवळ बिनरंगी. मी एक मणी दाबला तर बोटावर नुसता पाण्यासारखा रस आला. साल चोळली तेव्हा बोटं जांभळी झाली आणि रात्री जेवताना हात धुतले तरी तशीच होती. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानानं साल जास्त. वीस मिलिमीटरच्या मण्याऐवजी बारा मिलिमीटरचा घेतला, तर तेवढ्याच रसामागे दीडपटीहून जास्त साल मिळते.

ही जात सिराह, आपल्याकडे शिराझ म्हणतात. इराणातल्या शिराझ शहरातून ती आली अशी दंतकथा बरीच वर्षं चालली. १९९८ मध्ये डीएनए चाचणीनं तिचे आईबाप सापडले: द्युरेझा आणि माँदूझ ब्लाँश, दोन्ही फ्रान्सच्या आग्नेय भागातल्या, आज फारशा कुणाला माहीत नसलेल्या जाती. म्हणजे पोरगी ऱ्होन नदीच्या परिसरातलीच. ऱ्होनच्या उत्तर भागात रेड वाइनसाठी मुख्यतः सिराहच लावतात. दक्षिणेकडे ग्रेनाश, मूर्वेद्र अशा जाती तिच्यासोबत मिसळतात.

उत्तर ऱ्होनमधल्या एका प्रसिद्ध पट्ट्याचं नावच 'कोत रोती', म्हणजे भाजलेला उतार. तिथले काही उतार इतके उभे की यंत्र चालत नाही, दगडी ताली घालून हातानंच सगळं करावं लागतं. एवढा खटाटोप कशासाठी? उन्हासाठी. ती जागा ४५ अक्षांशाच्या थोडी वर आहे. द्राक्षं पिकतात त्या सप्टेंबरात भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपासच चढतो. सपाट जमिनीवर ते ऊन तिरपं पडून पसरतं. दक्षिणेकडे तोंड केलेला उतार ते अंगावर घेतो. आणखी खाली, शातोनफ-द्यु-पापच्या बागांत वेलींखाली मुठीएवढे गोटे पसरलेले असतात. ते दिवसभर तापतात आणि रात्री ऊब परत देतात.

आता हीच वेल सांगली जिल्ह्यात, १७ अक्षांशावर आणा. इथं उन्हाची टंचाई नाही, टंचाई आहे गारव्याची. त्यामुळे ऱ्होनची नक्कल करून दक्षिणेकडचा उतार धरला तर पंचाईत. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकून साधारण ५० अंशांवर असतो. उतार १५ अंशांचा धरला, तर दक्षिणमुखी उतारावर दुपारचं ऊन सपाट रानापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त पडतं, उत्तरमुखीवर सुमारे २५ टक्के कमी. म्हणून या टेकडीवरची बाग उत्तरेच्या अंगाला आहे. वेलींखाली गोट्यांऐवजी उसाचं पाचट अंथरलंय, कारण आपला काळा खडक तसाही तव्यासारखा तापतो.

खरी अडचण मात्र ऋतूंच्या दिशेची आहे, आणि माझ्या मते हीच गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते. ऱ्होनमध्ये द्राक्ष पिकतं तेव्हा उन्हाळा ओसरत असतो, प्रत्येक आठवडा आधीच्यापेक्षा गार. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीचा माल फेब्रुवारी-मार्चात येतो, म्हणजे पिकण्याचा काळ उन्हाळ्याच्या दिशेनं जातो. गरमीत मण्याला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल वेगानं जळतं आणि साखर भराभर चढते. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, २४ वर पोचलं तरी सालीतला रंग आणि वास मागेच राहतात, वाइन जड आणि बेचव होते. बेदाण्याला नुसती साखर असली तरी निभतं, इथं आंबटपणाही हवा. मग छाटणी सप्टेंबरात ओढायची का? ओढली तर मणी जानेवारीच्या थंडीत भरतात, पण कोवळ्या फुटीवर परतीचा पाऊस आणि पाठोपाठ डावणी हा बुरशीचा रोग. मामांनी हे ऐकून नुसती मान हलवली. एका परतीच्या पावसात त्यांची अख्खी बाग गेली होती.

आणि उंचीचं काय? शंभर मीटर वर गेलं की हवा साधारण ०.६ अंशानं गार होते, हे दिवसा खरं. रात्री गणित फिरतं. जानेवारीत रात्री मोटारसायकलवरून जाताना रस्ता ओढ्यात उतरला की एकदम गार झोत लागतो आणि चढ लागला की हवा ऊबदार होते, हे सगळ्यांनी अनुभवलंय. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन उतारावरून घरंगळते आणि खोलगट जागी साचते. ऱ्होनच्या शेतकऱ्याला हे वरदान, कारण वसंतातली गोठवणारी हवा वेलीच्या कोवळ्या फुटीवर न थांबता खाली जाते. आपल्याला मात्र रात्रीचा गारठा हवा असतो आणि तो उतारावरून निसटून ओढ्याकाठच्या उसात जातो! उताराचा निर्विवाद फायदा एकच: पातळ मुरमाड माती. पाणी थांबत नाही, ठिबकनं मोजून देता येतं, मणी लहान राहतो. कृष्णाकाठच्या काळ्या रानात ते जमणं अवघड.

एवढं जमलं तर हाती काय लागतं? मिरी. सिराहच्या वाइनला काळ्या मिऱ्याचा वास येतो, आणि ती उपमा नव्हे. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यातलं रसायन ओळखलं, रोटंडोन. काळ्या मिऱ्यातही तेच असतं. लिटरभर रेड वाइनमध्ये १६ नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. त्या हिशेबानं एक ग्रॅम सव्वासहा कोटी लिटरला पुरेल. ते सालीत साठतं आणि थंड जागी जास्त तयार होतं. ऑस्ट्रेलियात एकाच मळ्यातसुद्धा उताराच्या तोंडाप्रमाणे त्याचं प्रमाण बदललेलं आढळलंय.

शेडमध्ये मालकानं गेल्या सालची वाइन दोन ग्लासांत ओतली. मी नाक घातलं तर आधी जांभूळ, मग स्पष्ट मिरी, आमटीच्या फोडणीतली नव्हे, नुकती खलबत्त्यात कुटलेली. मामांनी तीनदा हुंगलं.

"मिरं? मला तर काय लागंना."

साधारण पाचातल्या एकाला रोटंडोन मुळीच जाणवत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. घरी परतल्यावर मामीला त्यांनी मिऱ्याचा डबा मागितला.