तोच हात: ओमाहात १२० चेंडू, मिलवॉकीत ९९

२२ जून २०२३. नेब्रास्कातल्या ओमाहात कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलची अंतिम स्पर्धा, चालू होती. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या पॉल स्कीन्सने वेक फॉरेस्ट विद्यापीठाविरुद्ध आठ इनिंग पिचिंग (बेसबॉलमधली गोलंदाजी) केलं, चेंडू टाकले १२०, हिट (फलंदाजाने चेंडू मारून बेस गाठणं) दिले फक्त दोन. पुढच्या वर्षी ११ जुलैला तोच स्कीन्स मेजर लीग या व्यावसायिक स्पर्धेत पिट्सबर्ग पायरेट्सकडून मिलवॉकीत उतरला. सात इनिंग झाल्या, ११ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाले, समोरच्यांना एकही हिट मिळाला नव्हता. चेंडू झाले होते ९९. आठव्या इनिंगला दुसरा पिचर आला.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की लोक लगेच म्हणतात, कॉलेजात पोरांचे हात पिळून काढतात आणि व्यावसायिक संघ ते जपतात. यात तथ्य आहे, पण अर्धंच. चेंडू किती टाकले आणि हातावर ताण किती आला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी कोपराकडे पाहू. हात मागे जाऊन पुढे झेपावतो तेव्हा खांदा आणि दंड पुढे निघालेले असतात, मनगटाकडचा भाग मागे राहिलेला असतो. त्या क्षणी कोपराची आतली बाजू उघडू पाहते, आणि ती धरून ठेवतो तिथला एक छोटा लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा. प्रयोगशाळेत मोजलेला हा पीळ त्या लिगामेंटला एकट्याने पेलणारा नाही. उरलेला भार आजूबाजूचे स्नायू उचलतात. म्हणूनच थकवा घातक. स्नायू दमले की त्यांच्या वाट्याचा भारही लिगामेंटवर येतो. आपल्याकडे क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजाची दुखापत म्हटली की पाठ आठवते. गोलंदाजाला चेंडू सोडताना कोपर १५ अंशांहून जास्त सरळ करता येत नाही. पिचरला असं बंधन नाही, त्याच्या वेगात याच वाकण्या-झेपावण्याचा मोठा वाटा असतो. हा लिगामेंट तुटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती टॉमी जॉन या डॉजर्स संघाच्या पिचरवर पहिल्यांदा केली, म्हणून हे नाव. परतायला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं.

आता वेळापत्रक. कॉलेजचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, ५६ सामन्यांचा, आणि मुख्य मालिका शुक्रवार ते रविवार. संघाचा सर्वोत्तम पिचर सहसा शुक्रवारी उतरतो, मग थेट पुढच्या शुक्रवारी. १२० चेंडूंनंतर सहा दिवस विश्रांती मिळत असेल, तर तो आकडा वाटतो तितका भयंकर राहत नाही. मेजर लीगमध्ये सहा महिन्यांत १६२ सामने. तिथल्या पिचरची पाळी पाचव्या-सहाव्या दिवशी येते, वर्षाला तीसेक वेळा. दर पाळीला चेंडू कमी, पण हात पुरता निवायच्या आत पुढची पाळी दारात उभी.

त्याहून मोठा फरक जोर लावण्याचा. कॉलेज संघात शेवटचे दोन-तीन फलंदाज बऱ्याचदा कच्चे असतात. चांगला पिचर त्यांच्यासमोर थोडा हात आखडून टाकू शकतो. मेजर लीगमध्ये नववा फलंदाजही चूक झाली तर चेंडू कुंपणाबाहेर घालवतो. तिथे उसंत नाही, जवळजवळ प्रत्येक चेंडू सगळी ताकद लावून. सरळ वेगवान चेंडूची सरासरी २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होती, २०२४ मध्ये ९४.२ झाली. दुखापती का वाढल्या, यावर मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला. त्यातही बोट याच वेगाच्या हव्यासाकडे आणि सतत पूर्ण जोराकडे होतं. म्हणून मला मिलवॉकीचे ९९ चेंडू ओमाहाच्या १२० पेक्षा हलके वाटत नाहीत.

मग कॉलेजात धोका नाही का? आहे, आणि तो हंगामाच्या शेवटी आहे. तेव्हाच्या राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ, चार-चारचे १६ गट, दोन पराभव झाले की घरी. तीन-चार दिवसांत पाचपर्यंत सामने. तेव्हा आठवड्याची शिस्त मोडते आणि शुक्रवारचा पिचर रविवारी किंवा सोमवारी पुन्हा उभा दिसतो. ३० मे २००९ ला टेक्सस विरुद्ध बॉस्टन कॉलेज सामना नेहमीच्या नऊऐवजी २५ इनिंग चालला. टेक्ससचा ऑस्टिन वूड मध्येच येऊन १३ इनिंग टिकला, १६९ चेंडू टाकले, आणि आदल्या दिवशीही तो पिचिंग करून आला होता. लोक ही कथा शौर्याची म्हणून सांगतात. त्याच्या जिद्दीला मीही मानतो, पण त्याला थांबवणारं कोणी नव्हतं हे मला सलतं. अमेरिकेतल्या शाळांना २०१७ पासून चेंडूंच्या मर्यादेचा नियम करावा लागला. व्यावसायिक पिचरमागे त्याच्यात पैसा गुंतवलेला संघ असतो. मधल्या वयातल्या कॉलेजच्या मुलासाठी मात्र चेंडूंची अशी मर्यादा नाही. सगळं प्रशिक्षकाच्या विवेकावर, आणि त्याच प्रशिक्षकाला सामनाही जिंकायचा असतो.

ओमाहानंतर काही आठवड्यांतच पायरेट्सनी स्कीन्सला पहिल्या क्रमांकावर निवडलं आणि ९२ लाख डॉलरचा करार केला. त्या उरलेल्या उन्हाळ्यात त्यांनी त्याच्याकडून सात इनिंगही पूर्ण टाकून घेतल्या नाहीत.