बाहेरच्या बैलाचा जोर : लान्सर इव्होल्यूशनच्या दोन पिढ्या

जपानच्या मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या मोटारीच्या चाहत्यांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे : 2005 ची नववी पिढी हलकी म्हणून चपळ, आणि 2007 ची दहावी जड म्हणून सुस्त. वजनाचे आकडे खरे आहेत. नववी सुमारे 1410 किलो, तर दहावी सुमारे 1520 किलो भरते. ताशी 72 किलोमीटर वेगाने 50 मीटर त्रिज्येचे वळण घेताना पहिलीला 11,280 न्यूटन अभिकेंद्री बल लागते, दुसरीला 12,160. हा फरक टायरांनाच सोसावा लागतो. तरीही केवळ वजनावरून निकाल देणे मला मान्य नाही.

इंजिनाच्या ताकदीवरूनही तो देता येत नाही. जपानी उत्पादकांनी आपसांत ठरवलेल्या मर्यादेमुळे 1996 ची चौथी पिढी कागदोपत्री 280 अश्वशक्तीची होती, आणि 2005 ची नववीही कागदोपत्री तेवढ्याच अश्वशक्तीची होती. खरी प्रगती मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देत त्यांच्यात इंजिनाचा जोर वाटणाऱ्या दातेरी यंत्रणेत झाली.

बैलगाडी वळवताना गाडीवान आतल्या बैलाचा कासरा ओढतो आणि बाहेरच्याला हाकतो. मोटारीतही बाहेरच्या चाकाला अधिक टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, मिळाला तर गाडी स्वतःहून वळणात शिरते. अडचण अशी की वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा वेगाने फिरत असते, आणि वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन तबकड्या एकमेकींवर दाबल्या, तर जोर नेहमी वेगवान तबकडीकडून मंद तबकडीकडे जातो. त्यामुळे दोन्ही चाके नुसत्या क्लचने, म्हणजे अशा दाबता येणाऱ्या तबकड्यांनी जोडली, तर जोर नेमका आतल्या चाकाकडे वळेल आणि गाडी सरळ जाऊ पाहील.

1996 मध्ये चौथ्या पिढीत आलेल्या ‘ॲक्टिव्ह यॉ कंट्रोल’ने (गाडीचे उभ्या अक्षाभोवतीचे फिरणे काबूत ठेवणाऱ्या यंत्रणेने) यावर काढलेला तोडगा मला अतिशय सुंदर वाटतो. डिफरन्शियलच्या फिरत्या घरापासून दातेरी चाकांच्या साहाय्याने एक भाग मुद्दाम अधिक वेगाने आणि दुसरा कमी वेगाने फिरवला जातो, आणि यांपैकी प्रत्येक भाग एका बाजूच्या चाकाच्या दांड्याशी स्वतंत्र क्लचने जोडता येतो. वेगवान भागाचा क्लच दाबला, की त्या चाकाचा टॉर्क वाढतो आणि पलीकडच्याचा तेवढाच घटतो. मंद भागाचा दाबला, की याच्या उलट घडते. दातांचे गुणोत्तर असे निवडलेले असते की वेगवान भाग वळणावरच्या बाहेरच्या चाकालाही मागे टाकेल. निसर्गनियम मोडलेला नाही. जोर अजूनही वेगवानाकडून मंदाकडेच जातो, फक्त वेगवान कोण हे अभियंत्याने ठरवले आहे.

2003 च्या आठव्या पिढीत ग्रहमालिकेसारखी दातेरी रचना वापरून हलवता येणारा टॉर्क सुमारे दुप्पट करण्यात आला, आणि नववीने तीच रचना पुढे चालवली. दहावीने त्यात मोजमापाची भर घातली. तोवर संगणक स्टिअरिंगचा कोन, वेग आणि प्रवेग यांवरून गाडी किती वळायला हवी याचा हिशेब करीत असे. दहावीत गाडी उभ्या अक्षाभोवती प्रत्यक्षात किती फिरते आहे हे संवेदक मोजतो, तफावत दिसताच क्लचवरचा दाब बदलला जातो आणि गरज पडल्यास एकेका चाकाचा ब्रेकही वापरला जातो. ओल्या रस्त्यावर तर्क आणि वास्तव यांत अंतर पडते, तेव्हा याचा उपयोग सर्वाधिक होतो.

अमेरिकेत विकल्या गेलेल्या आठव्या आणि नवव्या पिढीत हा डिफरन्शियल नव्हताच. म्हणून तिथल्या नववीची दहावीशी तुलना वाचताना, 110 किलोंच्या फरकाबरोबर एक संपूर्ण यंत्रणाही वेगळी आहे, हे आधी पाहावे लागते.