सांगोल्याचं पाणी आणि गणपतराव देशमुखांच्या तेरा निवडणुका

२०२४च्या विधानसभा निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) राज्यात एकच आमदार निवडून आला, तो सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून. डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापू पाटलांना सुमारे २५ हजार मतांनी हरवलं. बाबासाहेबांची ओळख करून देताना अजून आधी आजोबांचं नाव घ्यावं लागतं. ते आजोबा म्हणजे गणपतराव देशमुख, तालुक्याचे आबासाहेब. १९६२ ते २०१४ या काळात ते सांगोल्यातून तेरा वेळा उभे राहिले आणि अकरा वेळा निवडून आले.

गणपतरावांवर लिहायचं म्हटलं की एसटीचा प्रवास आणि साधं राहणं आधी येतं. ते खरंच आहे. पण नुसत्या साधेपणावर अकरा निवडणुका निघत नाहीत. डिपॉझिट घालवून घरी बसलेले साधे उमेदवार प्रत्येक तालुक्यात सापडतील. सांगोल्यात हा माणूस का टिकला, हे शोधायचं तर तिथल्या पाण्याकडेच वळावं लागतं.

सांगोला हा माणदेशाचा भाग, पर्जन्यछायेतला. माण नदी तालुक्यातून जाते, पण वर्षातला बराच काळ ती नुसती वाळू. नीरा उजव्या कालव्याचं शेपूट तालुक्याच्या एका भागाला लागतं, बाकीचं रान आभाळाच्या भरवशावर. ज्वारी-बाजरी, मेंढरं, खिलार जनावरं आणि रविवारचा जनावरांचा बाजार यांवर तालुका चालायचा. पाऊस गेला की माणसं कामाच्या शोधात बाहेर पडायची. गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. पुण्यात शिकताना ते शेकापच्या विचारांकडे ओढले गेले आणि पुढे सांगोल्यात वकिली करू लागले.

शेकाप १९४७ साली काँग्रेसमधूनच बाहेर पडलेल्या मंडळींनी काढला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही त्यातली मोठी नावं. पुढे हे दोघेही काँग्रेसमध्ये परतले आणि यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या, म्हणजे विरोधकांना आपल्यात सामावून घेणाऱ्या राजकारणात पक्षाची आणखी माणसं तिकडे गेली. गणपतराव पहिल्यांदा आमदार झाले ते अशा ओहोटीच्या काळात, आणि नंतरही त्यांनी पक्ष बदलला नाही. तत्त्वनिष्ठा तर यात होतीच. पण तालुक्यातल्या शेतकऱ्याशी आणि मेंढपाळाशी असलेलं नातं काँग्रेसच्या साखर कारखान्यांच्या जाळ्याबाहेर राहूनच टिकेल, हा व्यवहारही त्यांना कळत असावा, असं मला वाटतं.

१९७२ साली ते हरले. म्हणजे शतकातला सगळ्यात मोठा दुष्काळ पडला तेव्हा दुष्काळी सांगोल्याचा हा माणूस विधानसभेत नव्हता. १९७४च्या पोटनिवडणुकीत ते परत आले. त्या वर्षांत लाखो माणसं खडी फोडायला आणि नालाबंडिंगच्या, म्हणजे ओढ्यांना बांध घालण्याच्या कामांवर जात होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच दुष्काळात राज्यभर पसरली आणि पुढे तिचा कायदा झाला. तालुक्याला तिचा आधार झाला, पण हमीच्या मजुरीने रान काही ओलं होत नाही.

रानाचं रूप बदलायला लागलं ते १९९०नंतर. त्या सुमारास राज्याने रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आणली. लहान शेतकऱ्याने स्वतःच्याच शेतात खड्डे घ्यायचे, रोपं लावायची, जगवायची आणि त्या कामाची मजुरी सरकारने द्यायची, अशी तिची रीत. ज्या माळावर कुसळ उगवायचं तिथे आधी बोर आणि मग डाळिंब आलं. डाळिंबाला पाणी लागतं, पण उसाच्या मानाने फारच थोडं, आणि ठिबकवर तर आणखी कमी. योजना राज्यभराची होती, तिचं सगळं श्रेय एका आमदाराला देणं बरोबर नाही. पण ती गावागावात उतरवणं हे तालुक्याच्या राजकारणाचंच काम होतं. पुढे डाळिंबावरच्या तेल्या आणि मर रोगाने बागाच्या बागा काढायची वेळ आणली, तो भाग वेगळा.

जिथे कापूस पिकत नाही तिथे सहकारी सूतगिरणी उभी करून चालवणं, हे सांगोल्यातलं दुसरं काम. शेतकरी सहकारी सूतगिरणी आणि पाठोपाठ महिलांची वेगळी सूतगिरणी यांनी अनेक घरांना महिन्याचा पगार दाखवला.

पण खरा लढा पाण्याचाच. १९९३ साली आटपाडीला पाणी परिषद झाली. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव हे तिघे तिच्या पुढे होते. सातारा, सांगली, सोलापूरकडच्या तेरा दुष्काळी तालुक्यांनी कृष्णेच्या पाण्यात आपला वाटा मागितला. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं आणि वाटपाचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होणार होता. तोवर पाणी अडवलं नाही तर ते हातचं जाईल, ही भीती सत्ताधाऱ्यांनाही होती. १९९६ साली कृष्णा खोरे महामंडळ झालं आणि टेंभू योजनेला गती आली.

टेंभूचं पाणी कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचलतात. पंपांच्या एकेका टप्प्याने ते वर चढवत सांगली जिल्ह्यातून पुढे न्यायचं आणि सगळ्यात शेवटी सांगोल्याला. शेवटी असणं किती महाग पडतं, ते आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटल्यावरच कळतं. वरच्या तालुक्यांची तहान भागेपर्यंत टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटाचा शेतकरी मोटर धुऊनपुसून बसलेला असतो. त्यात विजेच्या बिलाचा घोळ. बिल थकलं की पंप बंद आणि पंप बंद की पाणीपट्टी भरायला कुणी तयार नाही. अखेर बिलाचे ८१ टक्के सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी सोसायचे असं ठरलं, तेव्हा कुठे गाडी जरा रुळावर आली. टेंभूच्या पाण्याने माण नदीवरचे बंधारे भरून घ्यायला सुरुवात झाली तेव्हा परिषदेला दोन दशकं होऊन गेली होती.

हा उशीरच विरोधकांचा मुद्दा होता. इतकी वर्षं एकच आमदार, मग पाणी यायला इतका वेळ का लागला, हा प्रश्न गैर नाही. १९९५ साली शहाजीबापूंनी गणपतरावांना १९२ मतांनी पाडलं होतं. गणपतराव दोनदा मंत्री होते, १९७८च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९च्या विलासराव देशमुखांच्या सरकारात. दुसऱ्या वेळी २००२ साली शेकापने पाठिंबा काढला आणि मंत्रिपद गेलं. कारण रायगडातल्या राष्ट्रवादीशी झालेल्या भांडणाचं होतं, सांगोल्याच्या पाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. छोट्या पक्षात राहण्याची किंमत तालुक्यालाही मोजावी लागली, असं माझं मत आहे. शेकापमधली भक्त मंडळी हे मान्य करणार नाहीत.

२०१४ची निवडणूक त्यांनी सुमारे २५ हजार मतांनी जिंकली. २०१९ला ते उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत ७६८ मतांनी शहाजीबापूंकडून हरले. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले. नंतर शहाजीबापू फोनवरच्या ‘काय झाडी, काय डोंगर’ या बोलण्यामुळे राज्यभर गाजले, पण सांगोल्यात त्यांनाही पाण्याचंच बोलावं लागलं. उजनी धरणाच्या पाण्यावरच्या सांगोला उपसा सिंचन योजनेला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव देऊन ती त्यांच्याच काळात मंजूर झाली. आता ती पुरी करून घेण्याचं आणि टेंभूचं टेलपर्यंतचं आवर्तन वेळेवर मिळवण्याचं काम गणपतरावांच्या दुसऱ्या नातवाकडे, बाबासाहेबांकडे आलं आहे.