अतिरेक दाखवणारी इंग्रजी क्रियापदं

गरजेपेक्षा किंवा झेपेल त्यापेक्षा जास्त करणं इंग्रजीत एकाच क्रियापदात सांगता येतं. ओव्हरईट, ओव्हरस्लीप, ओव्हरथिंक हा एक गट, आणि बिंज (एका बैठकीत भरमसाट खाणं-पिणं), गॉर्ज (अधाशासारखं खाणं), स्प्लर्ज (पैसे उधळणं) हा दुसरा.

पहिल्या गटातला 'ओव्हर' जुन्या इंग्रजीतल्या 'ओफर'वरून आला. लॅटिन 'सुपर', ग्रीक 'हुपेर' आणि संस्कृत 'उपरि' त्याचेच भाऊबंद, आपलं 'वर'सुद्धा उपरिवरूनच आलंय. मूळ अर्थ जागेचा, मर्यादेच्या वर जाणं हा त्यातून निघाला असं मानतात. पण ओव्हर दिसला की अतिरेकच असं नाही, ओव्हरहिअर म्हणजे नकळत कानावर पडणं आणि ओव्हरलुक म्हणजे नजरेतून सुटणं.

ओव्हरस्लीपमध्ये तर किती तास झोपलात ते महत्त्वाचंच नाही. रविवारी ठरवून दहापर्यंत लोळलात तर ते ओव्हरस्लीप नाही, पण गजर ऐकू आला नाही आणि सातची लोकल चुकली की ते ओव्हरस्लीप. ओव्हरईटला कर्म चालत नाही, भात ओव्हरकुक होतो पण भात ओव्हरईट करता येत नाही, नुसतं 'आय ओव्हरएट' एवढंच म्हणायचं. शाळेत हे कोणी सांगत नाही आणि नेमकी इथेच चूक होते.

बिंजच्या उगमावर पुष्कळ लिहिलं गेलंय. तो इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या बोलीतला शब्द, लाकडी भांडं पाण्यात भिजवून ठेवणं असा अर्थ, आणि अ‍ॅन एलिझाबेथ बेकर यांच्या नॉर्थहॅम्प्टनशायरच्या बोलीकोशात (१८५४) तो भरपूर दारू पिण्यासाठी आलाय. भिजवण्यावरून दारूत भिजणं हीच व्युत्पत्ती जास्त पटते. खाण्यासाठी तो साधारण पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वापरात आला असावा. पुढे सीरिजचे एपिसोड सलग बघण्यासाठी बिंज-वॉच झालं, कॉलिन्स शब्दकोशाने २०१५चा शब्द म्हणून तेच निवडलं. स्प्लर्ज अमेरिकन, बहुधा स्प्लॅश आणि सर्ज यांची जोड.

मराठीत ही क्रियापदं 'करणे' लावून येतात, 'उगाच ओव्हरथिंक नको करूस' हे घरोघरी ऐकू येतं. आपल्याकडे हादडणे, ढोसणे, उधळणे आहेतच, आणि ती टिकायला हवीत कारण त्यांचा सूर वेगळा आहे: ओव्हरईट डॉक्टरच्या तोंडी शोभतं, पण 'पोरांनी आमरस हादडला' म्हणताना आजीला कौतुकच असतं. भाताचंही तसंच, ओव्हरकुकने नुसतं जास्त शिजल्याचं कळतं, 'गिचका झाला' म्हटलं की ताटातला भात दिसतो.