पॉवर कॉर्ड बदलली, पण अ‍ॅम्प्लिफायरला ते कळलं का?

हाय-फाय संगीताच्या बाजारातली सगळ्यात मजेशीर वस्तू म्हणजे महागडी पॉवर कॉर्ड, म्हणजे भिंतीवरच्या सॉकेटमधून यंत्राला वीज देणारी वायर. अंगठ्याएवढी जाड, वरून विणलेलं वेष्टण, पिनांना सोन्याचा मुलामा आणि किंमत कधीकधी अख्ख्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा जास्त. ती लावली की बेस घट्ट होतो, गायकाचा गळा मोकळा होतो, टीव्हीवरचा काळा रंग आणखी काळा होतो, असं सांगतात. भिंतीच्या आत सगळी साधीच वायर असताना शेवटच्या दोन मीटरांनी काय साधणार, ही शंका कुणालाही येईल. मला मात्र त्याहून गंमत वाटते ती यंत्राच्या डब्याच्या आत जे चालतं त्याची.

आधी थोडे आकडे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण १२ मिलिओहम. २ मीटरच्या कॉर्डमध्ये जाणारी आणि येणारी धरून ४ मीटर तार, म्हणजे ०.०५ ओहमच्या आसपास. १ अँपियर प्रवाहाला २३० व्होल्टपैकी ०.०५ व्होल्ट तिथे खर्ची पडतात. घरात हीटर लागला तरी व्होल्टेज याच्या कितीतरी पट खाली येतं. चांदीची तार घेतलीत तर ती तांब्याहून सहाएक टक्के चांगली वाहक, ऑक्सिजनमुक्त तांब्याचा फरक एखाद्या टक्क्याचा. प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो असंही ऐकवतात. पण ५० हर्ट्‌झला तो तांब्यात सुमारे ९ मिलिमीटर खोल शिरतो आणि कॉर्डमधली तार तेवढी जाड नसतेच.

आता डबा उघडू. भिंतीतली वीज सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तनं करते. ट्रान्सफॉर्मर तिचं व्होल्टेज उतरवतो, चार डायोड तिला एका दिशेला वळवतात आणि ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. गच्चीवरच्या टाकीसारखंच हे: नळ टाकीवर चालतो, पंपावर नाही. डायोड कधी वाहतो? लहरीचं व्होल्टेज कपॅसिटरमधल्या व्होल्टेजच्या वर गेलं तरच, म्हणजे फक्त लहरीच्या माथ्यावर. ५० हर्ट्‌झला असे माथे सेकंदाला १०० वेळा येतात आणि दर वेळी जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद प्रवाह आत येतो. मधल्या वेळात तुमच्या कॉर्डमधून जवळजवळ काहीच वाहत नाही! गाणं त्या वेळात साठ्यावर चालू असतं.

साठा किती घटतो ते काढता येतं: प्रवाह गुणिले वेळ, भागिले कपॅसिटरची धारकता. २ अँपियर, १० मिलिसेकंद आणि १०,००० मायक्रोफॅरड घेतले की उत्तर येतं २ व्होल्ट. म्हणजे उत्तमातली उत्तम कॉर्ड लावूनही आतला पुरवठा सेकंदाला १०० वेळा २ व्होल्टने हिंदकळतोच. तो आपल्याला ऐकू येत नाही, कारण पुरवठ्यातली चढउतार बाहेर जाऊ न देणं हे अ‍ॅम्प्लिफायरच्या रचनेतच असतं. ही क्षमता ६० डेसिबल, म्हणजे हजारपट, असेल तर २ व्होल्टचे २ मिलिव्होल्ट उरतात. मग बाहेरचे ०.०५ व्होल्ट कुठल्या खिजगणतीत?

कॉर्डवाल्यांचा एक मुद्दा मात्र बिनतोड वाटतो. प्रवाह ठोक्याठोक्याने येत असल्यामुळे ठोक्याच्या क्षणी तो सरासरीच्या कितीतरी पट असतो. मान्य. ५ अँपियर धरू. कॉर्डमध्ये गेले ०.२५ व्होल्ट, तेही ३२५ व्होल्टच्या माथ्यातून, म्हणजे ०.१ टक्क्याहून कमी. शिवाय आसपासचे सगळे टीव्ही आणि संगणक याच माथ्यावर तुटून पडत असतात. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, घरची वीज पाहिलीत तर लहरीचा माथा बऱ्याचदा आधीच तासल्यासारखा सपाट दिसतो.

टीव्हीच्या बाबतीत एवढाही हिशेब नको. सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा: १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ. जे यंत्र १०० व्होल्टवर आणि २४० व्होल्टवर तेच चित्र दाखवतं, त्याला एका व्होल्टच्या विसाव्या भागाचं काय!

काही कॉर्डवर तर प्रवाहाची 'योग्य दिशा' दाखवणारा बाणही असतो. सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणाऱ्या प्रवाहासाठी! नवी कॉर्ड काही दिवस 'मुरू द्या' हा सल्ला तर थेट ग्रहदशेच्या पंगतीतला. अंधश्रद्धा उघड्या पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांनी २००७ साली महागड्या स्पीकर केबलचा फरक फक्त ऐकून ओळखणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले होते. ते कुणीही नेले नाहीत. ज्यांना फरक ऐकू येतो ते खोटं बोलतात असं नाही. पैसे मोजलेला कान वेगळं ऐकतो, आणि कधी प्लग काढून पुन्हा बसवल्याने ढिला संपर्क खरोखरच सुधारतो. तो तर जुन्या कॉर्डनेही सुधारला असता.

स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज येत असेल तर बहुधा ग्राउंड लूप असतो: दोन उपकरणं वेगवेगळ्या सॉकेटवर अर्थ झालेली, दोन्ही अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक, आणि सिग्नल केबलच्या जाळीतून वाहणारा प्रवाह. सिग्नल केबल एकेक करून काढा. जी काढल्यावर घुमणं थांबेल ती वाट सापडली. मग दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी राहिलं तर त्या केबलवर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजू तारेने न जोडता सिग्नल पुढे नेणारा) बसवा. अर्थची पिन मात्र काढू नका; ती नसताना आत बिघाड झाला तर धातूचा डबाच जिवंत तारेला जोडला जातो आणि फ्यूज उडत नाही.